सतरा नंबरची पिशवी

म्हैस वैरण खाईना, दूध चोरू लागली किंवा माजावर येईना, की पाली गावातली माणसं आधी साखराबाईला हाक मारत आणि डॉक्टरला फोन मागून लावत. ती यायची, म्हशीच्या कपाळावरून हात फिरवायची, दोन बोटांनी जबडा उघडायची आणि आपलं नाक थेट तिच्या तोंडाशी न्यायची. बघणाऱ्याला किळस येवो नाहीतर हसू येवो, साखराबाईला त्याचं सोयरसुतक नव्हतं. डोळे मिटून एक लांब वास, आणि लगेच निकाल. तीस वर्षांत तो निकाल चुकला असं म्हणणारा माणूस गावात नव्हता, आणि असता तर साखराबाईनं त्याला सुखानं जगू दिलं नसतं.

या नाकासाठी तिनं जपणूकही तेवढीच केली होती. गावातल्या बायका सकाळी उठल्या की ओट्यावर बसून मिशरी घासतात. साखराबाईनं तंबाखूच्या त्या राखेला आयुष्यात बोट लावलं नाही. अत्तर नाही, तपकीर नाही. देवापुढं उदबत्तीसुद्धा लावायची आणि झटक्यात बाहेर यायची.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते तेव्हाची गोष्ट. शेजारचा बंकट तिला गोठ्यात घेऊन गेला.

"दीड महिना झाला व्याऊन, काकू. खुराक टाकला की तोंड फिरवती. दूध रोज कमी व्हायलंय. अन माजाचं तर नावच न्हाई."

साखराबाईनं वास घेतला. सीताफळ पिकून उतरलं आणि दोन दिवस टोपलीत तसंच राहिलं की त्याला एक गोडसर, जरा झोंबणारा वास सुटतो. तोच वास म्हशीच्या तोंडातून येत होता. सगळ्यांना तो येत नाही. बंकटनं दोनदा नाक लावून बघितलं, त्याला नुसता कडब्याचाच आला.

"उपाशी हाय रं ही," साखराबाई म्हणाली. "व्यायल्यावर तू हात आखडून खुराक घातलास, आता तिची भूकच मेली. अंगातली चरबी जाळून दूध देतीया तुला. अन वर विचारतोस माज कावून न्हाई! पोटात कायच न्हाई तर माज येईल कुठून? गूळ पाज तिला आधी. मग पेंड चालू कर, थोडी थोडी."

बंकटनं मान डोलावली. पण साखराबाईचं लक्ष आता म्हशीत नव्हतं. गोठ्याच्या तट्ट्याआडून तिला रस्ता दिसत होता, आणि रस्त्यावरून गहिनीनाथाची धाकटी सून हातात चंदेरी पिशवी घेऊन लगबगीनं अंगणवाडीकडं चालली होती. हीच सून श्रावणात साखराबाईच्या दारात बसून रडली होती, की काकू, तीन वर्षं झाली, कायतरी सांगा. आता बघा कशी निघालीय, मान वळवायचीसुद्धा फुरसत नाही बाईला! साखराबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

या सगळ्याचं मूळ म्हणजे स्वप्ना. युसूफ वडगाव या गावची पोरगी, बीएस्सी झालेली, बीडात खोली करून राहायची आणि रोज पहाटे स्कूटीवरून पालीत यायची. पुण्याच्या कुठल्याशा कॉलेजचा अभ्यास चालला होता. अंगणवाडीच्या खोलीत तिनं पिठाच्या डब्याएवढी एक पेटी आणून ठेवली होती. पहिल्या दिवशी बायकांना जमवून तिनं समजावून सांगितलं, "रक्त न काढता, पोटाची सोनोग्राफी न करता, नुसत्या श्वासावरून कळतंय का ते बघायचंय. बाईच्या अंगात दर महिन्याला बीज तयार होऊन बाहेर पडतंय का, हार्मोनचं काही बिघडलंय का, ते. ही पेटी अजून शिकाऊ आहे. तिला शिकवायला तुमचा श्वास पाहिजे. महिनाभर, रोज सकाळी, उठल्या उठल्या. मिशरीच्या आधी, चहाच्या आधी, चूळसुद्धा नंतर." पडताळा म्हणून मधून एकदा रक्त काढणार होते, तेवढंच. प्रत्येकीला श्वास फुंकून भरायला चंदेरी पिशवी आणि एक नंबर मिळाला. पिशवीवर नाव नाही, नंबरच.

हे ऐकून साखराबाई काय म्हणाली असेल? तोंडानं काही नाही. मनात मात्र म्हणाली, वासावरनंच ना? मग तीस वर्षं मी काय वारा खातीया व्हय!

सरळच सांगायचं तर ती जळत होती. सकाळी चहा घेताना जळायची, धारा काढताना जळायची, बायकांचा घोळका अंगणवाडीपुढं हसताना ऐकला की तर विचारूच नका. त्या पोरीचं वय काय, अनुभव काय! स्वतःचं लग्न झालेलं नाही, आणि निघालीय बायकांच्या कुशीचं बघायला. आणि बायका तरी कशा! साखराबाई पोट चोळून द्यायची, कुठली मुळी उगाळायची, कुठला उपास धरायचा ते सांगायची, तेव्हा ह्याच बायका पाया पडायच्या. आता फुगे फुगवायला पळत होत्या.

तरी तिनं हे सगळं गिळलं असतं. पण एक दिवस समोरची चंद्रभागाबाई ओट्यावर टेकली आणि पदराशी चाळा करत म्हणाली, "तुमच्या वनमालेचा बी नंबर हाय की तिथं. तुमाला ठावं असंल म्हणा."

साखराबाईला ठाऊक नव्हतं. "हाय ना ठावं," ती म्हणाली, आणि चंद्रभागाबाई जाईपर्यंत तिनं चेहऱ्यावरची सुरकुती हलू दिली नाही.

वनमाला तिची सून. भागवताची बायको. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. पाळी कधी दोन महिन्यांनी यायची, कधी चार. साखराबाई काही सुनेला टोचून बोलणारी सासू नव्हती, उलट जीव होता तिचा वनमालेवर. घाटनांदूरच्या पाहुण्यांनी भागवतासाठी दुसरी बघा असं नुसतं सुचवलं, तर तिनं त्यांना चहा न देता वाटेला लावलं होतं. पोरगी गुणाची, कामाची. पहाटे शेण काढण्यापासून संध्याकाळी धरणावरून म्हशी वळवून आणण्यापर्यंत सगळं निमूट करायची. तिची कूस उजवावी म्हणून साखराबाईनं सहा वर्षं देव सोडला नव्हता. आधी सोमवार धरायला लावला. मग गुरुवार. मग एका जाणत्यानं सांगितलं म्हणून शनिवार. चतुर्थी, एकादशी तर होत्याच. गुण आला नाही की एक वार वाढायचा. हे उपास साबुदाण्याची खिचडी हाणायचे नव्हेत, कडक, पाण्यावरचे आणि एक कप चहावरचे. उरलेल्या दिवशी घरातली सगळी जेवल्यावर जे उरेल ते. म्हशीचं शास्त्र निराळं आणि बाईचं निराळं, असं साखराबाईचं ठाम मत होतं. म्हशीला खुराक लागतो, बाईला देव लागतो.

त्या घरात आणखी एक रीत होती. सासूसमोर बोलताना सुनेनं तोंडावर पदर धरायचा आणि मान जरा वळवून बोलायचं. साखराबाईनं स्वतःच्या सासूपुढं चोवीस वर्षं पदर धरला होता, आणि वनमालेनं पहिल्या दिवसापासून धरला. सहा वर्षांत साखराबाईनं सुनेचे डोळे पुष्कळ बघितले होते, तोंड फारसं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती शेणाची पाटी डोक्यावर घेऊन निघाली आणि उकिरड्यावर न जाता अंगणवाडीच्या मागं गेली. खिडकी उघडी होती. आत चार-सहा बायका आणि मधोमध वनमाला. पदर खांद्यावर! तोंड उघडं! पिशवीची नळी ओठांत धरून ती जीव खाऊन फुंकत होती. गालांचे फुगे झाले होते. फुंकून झालं आणि स्वप्ना काहीतरी म्हणाली, तशी वनमाला हसली. खळखळून, मान मागं टाकून, सगळे दात दाखवत. आणि म्हणाली, "ताई, तुमी न्हाई आलात एक दिवस तर करमत न्हाई बघा."

साखराबाईच्या डोक्यावरची पाटी कलली. आपल्या घरात ही पोरगी अशी कधी हसली होती? सहा वर्षांत एकदा तरी? आणि ही कालची आलेली स्कूटीवाली हिची ताई झाली! शेण तिथंच भिंतीला टाकून ती घरी आली.

वनमाला आली तशी साखराबाईनं तिला चुलीपुढं गाठलं. "मला न विचारता जातीस व्हय? माझ्या हातात काय गुण न्हाई असं समद्या गावाला दाखवतीस? साखराबाईची सूनच तिकडं जाती म्हणल्यावर बाकीच्या कावून येतील माझ्याकडं?"

पदराआडून आवाज आला, "विचारलं असतं तर तुमी न्हाई म्हणला असता, आत्याबाई."

"मग न्हाईच म्हणती! उद्यापासनं पाय ठेवायचा न्हाई तिथं. कबूल?"

पदर वरखाली हलला. साखराबाईनं तो होकार समजला. नंतर आठ दिवस तिनं डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. वनमाला घराबाहेर पडली ती फक्त म्हशींमागं. साखराबाईचा राग निवला, पण पोटातलं दुखणं काही थांबेना. सून घरात राहिली खरी, पण ते हसू काही घरात आलं नव्हतं.

मग पुण्याहून डॉक्टरीण यायचा दिवस ठरला. सत्यशीला मॅडम म्हणून कोणी होत्या, सगळा अभ्यास त्यांचाच होता. गावातल्या बायका अंगणवाडीत जमणार होत्या. साखराबाईनं धुतलेलं लुगडं नेसलं, कपाळावर ठसठशीत बुक्का लावला, कारण नवरा गेल्यापासून ती बुक्काच लावायची, आणि भरल्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"मॅडम, तुमच्या पेटीची लई तारीफ ऐकली. माझं एक म्हणणं हाय. तुमची पेटी अन माझं नाक. कोण जिततंय बघू."

बायकांमध्ये एकच हशा उठला. स्वप्ना गोंधळली, पण मॅडमनी चष्मा वर केला आणि सगळी हकिगत विचारून घेतली. म्हशीचा वास, गोडसर, उतरलेल्या सीताफळासारखा, हे ऐकताना त्या खुर्चीत पुढं सरकल्या. म्हणाल्या, "मावशी, हा अभ्यासाचा भाग नाही. पण नमुना काढून झाल्यावर पिशवीत जे उरतं ते आम्ही सोडूनच देतो. बायकांची हरकत नसेल तर बघा. नावं मात्र मी सांगणार नाही आणि तुम्ही विचारायची नाहीत."

बायकांची हरकत कसली? त्यांना तमाशाच पाहिजे होता. सकाळच्या पिशव्या तशाही टेबलावर होत्या. काही बायकांनी इथं येऊन फुंकल्या होत्या, काहींनी घरून फुंकून धाडल्या होत्या. स्वप्नानं एकेका पिशवीची तोटी सोडायची, साखराबाईनं वास घ्यायचा.

पहिली. "लसणाची चटणी खाऊन झोपली ही. बाकी ठीक."

दुसरी. साखराबाईनं नाक मुरडलं. "मिशरी लावून मग फुंकलंय! मॅडमला फसवतीस व्हय गं, कोण असशील ती?" मागच्या रांगेत भिवराबाईनं जीभ चावली आणि सगळी खोली हसून लोळायला लागली. स्वप्नानं वहीत बघितलं. पेटीनंही त्या पिशवीत कसलीशी गडबड दाखवली होती.

तिसरी, चौथी, पाचवी. काही नाही, निर्मळ. साखराबाई आता रंगात आली होती. बायका पुन्हा तिच्याकडं बघत होत्या, पूर्वी बघायच्या तशा. स्वप्नाच्या डोळ्यांतलं नवलही तिला दिसलं आणि गूळ खाल्ल्यासारखं वाटलं.

सहावी. स्वप्नानं हात पुढं केला, जरा थांबली, मॅडमकडं बघितलं, आणि तोटी सोडली.

साखराबाईनं डोळे मिटले. आणि मिटलेलेच ठेवले.

"हीच," ती म्हणाली. "हीच ती. सीताफळ. माझ्या बंकटच्या म्हशीसारखी. ही बाई उपाशी हाय, मॅडम. एका दिवसाची न्हाई, लई दिवसांची. अंगातलंच जाळून जगतीया. म्हैस अशी झाली की माजावर येत न्हाई. कितीबी रेड्याकडं न्या, फळत न्हाई."

मॅडमनी वहीवर बोट ठेवलं. "सतरा नंबर. अंगातली चरबी जळली की जो वास सुटतो, त्याचा पेटीतला आकडा याच पिशवीत सगळ्यांत चढा आहे, गेले वीस दिवस. मावशी, तुम्ही जिंकलात म्हणा, किंवा दोघी जिंकलात." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "प्रत्येक बाईचं कारण हेच नसतं. पण अंगाला पुरेसं अन्न मिळालं नाही, की बाईचंही बीज तयार व्हायचं थांबतं. हे खरं आहे."

चंद्रभागाबाईला तेवढ्यात खोकला लागला. तो थांबेचना. स्वप्ना मान खाली घालून पिशवीची घडी करत बसली.

पण साखराबाईचं तिकडं लक्ष कुठलं? तिच्या अंगात आता जितल्याचं वारं शिरलं होतं. पेटी हरली नव्हती, पण पेटीनं तिच्या नाकाला सलाम केला होता, आणि तोही सगळ्या गावासमोर. तिनं कंबरेवर हात ठेवले. "नाव सांगू नका, न्हाई विचारत मी. पण तिच्या सासूला माझ्याकडं धाडा! अगं, म्हशीचा मालकबी एवढा निर्दय नसतो. दावणीला बांधायची, दिवसभर राबवायची, वैरण टाकायची न्हाई, अन वर गाभण कावून न्हाई म्हणून देवाला साकडं घालायचं! कसली गं ही बाई? धाडा तिला. साखराबाईनं बोलावलंय म्हणून सांगा. दोन शब्द सुनावल्याबिगर सोडायची न्हाई मी."

बायका पदर सावरत उठू लागल्या. साखराबाईला वाटलं, आपला शब्द लागला. आणि ती तरातरा घरी आली.

भागवत दूध घालायला बीडला गेला होता. अंगणात ऊन पसरलं होतं. वनमाला गोवऱ्या थापत होती. सासूला बघून तिनं शेणाच्या हाताच्या मनगटानं पदर ओढला आणि दातांत धरला.

"सोड ते. हात धू अन ये हिकडं," साखराबाई बाजेवर बसत म्हणाली.

तिला आपली फत्ते सांगायची होती. पण खरं तर तिला ते हसू पाहिजे होतं. खिडकीतून बघितलेलं, त्या पोरीला फुकट मिळालेलं. म्हणून तिनं भिवराबाईची मिशरी सांगितली, जीभ चावली तशी चावून दाखवली, मॅडमच्या चष्म्याची नक्कल केली. पदराआड वनमालेचे खांदे हलायला लागले.

"काढ की गं तो पदर! त्या पोरीम्होरं हसतीस तशी हस की माझ्याम्होरं. मी काय खातीया व्हय तुला?"

वनमाला चपापली. तिनं सासूकडं बघितलं, खरंच म्हणतायत का म्हणून. मग हळूच पदर खाली केला आणि हसली. हसता हसता बाजेजवळ खाली बसली, अगदी गुडघ्याशी.

साखराबाईनं इकडं तिकडं बघितलं. ओसरीत, कोनाड्यात, टोपल्यांत. "सीताफळं राह्यलीत का गं कुठं? उतरल्याचा वास येतोय."

"सीताफळं तर दिवाळीतच सरली, आत्याबाई," वनमाला म्हणाली.

त्या वाक्याबरोबर वास पुन्हा आला. गोड, झोंबणारा. टोपलीतून नाही.

साखराबाईनं सुनेच्या कपाळावर हात ठेवला. म्हशीच्या ठेवायची तसा. दुसऱ्या हातानं हनुवटी धरली, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा आपलं नाक तिच्या तोंडाजवळ नेलं. वनमाला घाबरून श्वास रोखून बसली होती. किती वेळ रोखणार? शेवटी सोडला.

"तुझा नंबर कितवा?" साखराबाईनं विचारलं.

वनमालेच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "मी घरीच फुंकत व्हते, आत्याबाई. तिथं पाय ठेवला न्हाई. चंद्रभागाकाकू त्यांच्या पिशवीसंगं न्यायच्या. रागावू नका."

"नंबर इचारतीया मी."

"सतरा."

साखराबाईचा हात तिच्या हनुवटीवरून गळून पडला. मघा खोलीत फेकलेला एकेक शब्द आता परत येत होता. दावणीला बांधायची. राबवायची. निर्दय. चंद्रभागाबाईचा खोकला आठवला, आणि स्वप्नाची खाली गेलेली मानही. त्या पोरीला सगळं ठाऊक होतं. मनात आणलं असतं तर एका शब्दात तिनं सगळ्या गावापुढं साखराबाईचं नाक कापलं असतं. तिनं तोंड उघडलं नव्हतं.

"काल काय खाल्लंस?" साखराबाईनं विचारलं.

"अर्धी भाकरी. रात्री."

"परवा?"

"परवा चतुर्थी व्हती की."

"त्याच्या आदल्या दिशी?"

"सोमवार." वनमाला अपराध्यासारखी बोटं मोजत होती. "आज गुरुवार हाय. परवा शनिवार."

"भूक लागत न्हाई का गं तुला?"

"आधी लागायची," वनमाला म्हणाली. "आता न्हाई लागत."

बंकटच्या गोठ्यातली म्हैस हेच बोलली असती. तिथं साखराबाईनं एका वासात ओळखलं होतं, आणि मालकाला झापलं होतं. इथं सहा वर्षं एका छपराखाली, एका चुलीपुढं, आणि मध्ये फक्त एक पदर. तोही तिनंच धरायला लावलेला. गुण येईना म्हणून तिनं एकेक वार वाढवला होता, आणि प्रत्येक वारासंगं पोरगी आणखी आटत गेली होती. जळायचं तर स्वतःवर जळायला पाहिजे होतं. ती त्या स्कूटीवालीवर जळत बसली होती.

ती उठली. चुलीवर दूध होतं, ते पितळीत ओतलं. त्यात गुळाचा खडा फोडून टाकला, मग आणखी एक. टोपल्यातली भाकरी घेऊन कुस्करली. घाईघाईत निम्मी खाली सांडली. पितळी वनमालेपुढं ठेवली.

"आज गुरुवार हाय, आत्याबाई," वनमाला हळूच म्हणाली. "मोडंल ना."

"माझा गुरुवार हाय तो. मीच धरायला लावला, मीच सोडला. देवाला काय सांगायचं ते मी सांगते." आणि तिला एकदम रडू फुटलं. "खा गं बाई. खा. मला लई कळतं म्हणून मिरवले गावभर. माझ्याच घरातलं मला कळलं न्हाई."

वनमालेनं एक घास घेतला. दुसरा घेताना तिचेही डोळे भरले. पितळी पूर्ण संपली नाही, तिच्यानं एवढं जाईना. साखराबाईनं बळजबरी केली नाही. थोडं थोडं, हे तिला म्हशींनी शिकवलं होतं.

मग तिनं लुगड्याच्या पदरानं तोंड पुसलं आणि सुनेचं मनगट धरलं. "चल."

"कुठं?"

"तुझ्या ताईकडं."

वनमालेचा हात सवयीनं पदराकडं गेला. साखराबाईनं तो मध्येच धरून खाली केला. भर दुपारी, उघड्या तोंडानं, दोघी रस्त्यानं निघाल्या. बंकट गोठ्यातून बघत राहिला. चंद्रभागाबाई ओट्यावरून उठून आत पळाली.

अंगणवाडीत मॅडम निघायच्या तयारीत होत्या. बायका पांगल्या होत्या. स्वप्ना पेटी पुसत होती. वनमालेला दारात बघून तिचा चेहरा खुलला, "वनमालाताई!" असं ती ओरडलीच, आणि वनमालाही हसली. साखराबाईच्या पोटात तेच जुनं दुखणं एकदा उठलं. लगेच कुठं जाणार ते? तिनं ते तसंच दाबलं आणि उंबऱ्याच्या आत पाय ठेवला.

"मॅडम," ती म्हणाली, "मघा मी सतरा नंबरच्या सासूला बोलावलं व्हतं. आली हाय ती. आता काय सुनवायचं ते तुमी सुनवा, अन हिला काय खाऊ घालायचं ते सांगा."